वायरीतून चढलेले तेल

मित्रांनो, मला क्लचचे पेडल नाही, आणि त्यामुळेच माझ्या आयुष्याला अर्थ आला. मी तेवीस वर्षांची डिझेल गाडी आहे. माझे गिअर मी स्वतःच बदलते. जालना जिल्ह्यातल्या आष्टीचे जनावरांचे डॉक्टर देवानंद यांचा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला होता. मला फक्त उजवा पाय पुरतो, म्हणून त्यांनी मला जुनीच विकत घेतले. पहिल्या दिवशी ते एकटेच मला शिवारापर्यंत घेऊन गेले आणि गाडी थांबवून बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. तोपर्यंत कुणी नेल्याशिवाय त्यांना कुठे जाता येत नव्हते.

नऊ वर्षे आम्ही वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या. अडलेल्या म्हशी, पोट फुगलेल्या शेळ्या, सगळ्यांपर्यंत वेळेत पोहोचलो.

मग मला एक विचित्र आजार जडला. चालता चालता मी एकाच गिअरमध्ये अडकून बसायचे. इंजिन कण्हायचे, वेग वाढायचा नाही. बंद करून पुन्हा चालू केले की मी ठणठणीत. गॅरेजमध्ये नेले की तिथे मी अगदी शहाण्यासारखी धावायचे. एकाने सेन्सर बदलला, दुसऱ्याने तेल बदलले. तिसरा म्हणाला, "गिअरबॉक्स गेला. भंगारात काढा."

एके दुपारी मेंढपाळ म्हस्कूचा फोन आला. मेंढ्यांनी कोवळी ज्वारी खाल्ली होती आणि विष चढत होते. त्या वाटेवर मी तीनदा अडकले. आम्ही पोहोचलो तेव्हा सहा मेंढ्या मरून पडल्या होत्या. डॉक्टरांनी बाकीच्यांना भराभर इंजेक्शने दिली.

"तुम्ही आल्ते म्हणून एवढ्या वाचल्या, डॉक्टरसाहेब," म्हस्कू म्हणाला.

"न्हाई म्हस्कू. उशीर झाला. आता ही गाडी विकतो."

"मंग तुम्ही फिरणार कसे? माझी भाची बेबीनंदा टेंभुर्णीला गाड्यांचं वायरिंग करती. विकायच्या आधी एकदा तिला दाखवा."

टेंभुर्णी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तरी आम्ही गेलो. बेबीनंदाने बॉनेटला हातही लावला नाही. तिने विचारले, "कधी होतं हे? गार असताना, का तापल्यावर?"

"त्याचा काही नेम न्हाई, ताई."

"नेम असतो, डॉक्टर. आपल्याला ठाऊक नसतो, एवढंच."

दोन दिवस ती वही घेऊन डॉक्टरांच्या शेजारच्या सीटवर बसली. किती वेळ चालले, रस्ता कसा होता, कुठे अडकले, सारे तिने लिहिले. मी नेहमी तापल्यावरच अडकत होते. मग तिने गिअरबॉक्सचे तेल मोजले. ते थोडे कमी निघाले.

"तेल कमी होऊन राह्यलं, पण खाली एक थेंब न्हाई," ती म्हणाली. "मंग जातंय कुठं?"

तिने सीटसमोरची चटई उचलली, माझ्या गिअरच्या कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि त्यात पांढरा कपडा फिरवला. कपड्यावर लाल डाग उमटला. गिअरबॉक्सचे तेल लाल असते, मित्रांनो. आणि गिअरबॉक्स तर तिथून हातभर खाली होता.

"खाली गिअरबॉक्सला वायर जोडतात, त्या सॉकेटचं रबर कडक झालंय," बेबीनंदा म्हणाली. "तिथून तेल वायरीत शिरलं नि आतल्या आत वर चढलं. तापलं की पातळ होऊन पिनांत पसरतं, मंग कॉम्प्युटरला चुकीचा निरोप जातो."

"तेल वर कसं चढंल?"

"कंदिलाच्या वातीत चढतं, तसं."

डॉक्टरांनी तो लाल डाग बोटाने हळूच चाचपला. मीही थक्क झाले होते. तेल माझ्याच पोटातले, वायर माझीच. केसाएवढ्या वाटेने ते वर्षानुवर्षे चढत होते आणि मला पत्ताही नव्हता. या बाईने मात्र एका कपड्यावर ते आम्हा दोघांना दाखवले.

तिने नवे सॉकेट बसवले, पिना धुतल्या, कमी असलेले तेल भरले. परतीच्या वाटेवर माझे गिअर पाण्यासारखे बदलत गेले. मी भर उन्हात तापले, तरी कुठे अडले नाही. जालना मागे पडल्यावर डॉक्टरांनी माझ्या डॅशबोर्डवर थाप मारली आणि म्हणाले, "तुझा गिअरबॉक्स तर चांगलाच होता गं."

मित्रांनो, तुमच्याकडचे एखादे यंत्र, जनावर किंवा माणूस मध्येच अडखळत असेल, मध्येच बरे होत असेल, तर त्याला नाटकी म्हणू नका. टाकून देण्याआधी दोन दिवस त्याच्या शेजारी बसा.