गादीवाल्याचा गुडघा

गादीवाल्याच्या गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी उगाच हळहळायला नको.

चांगला ठणठणीत गुडघा होता. दिवसभर जमिनीवर बसून गाद्या शिवायच्या, सोफ्यांची पोटं फाडून स्प्रिंगा बदलायच्या, खुर्च्यांना नवं रेक्झीन चढवायचं, हा त्याचा धंदा. हातात वीतभर लांब दाभण. ते दिवसातून दोनचारदा बोटात घुसायचंच. हा बोट तोंडात घालून चोखायचा, दाभणाला एक शिवी हासडायची ती देवाच्या भीतीने अर्धीच गिळायचा आणि पुढचा टाका घालायचा.

पण हाच माणूस दवाखान्यातल्या सुईला असा भ्यायचा की विचारू नका. दाभणाचं कसं, ते आपल्या हातात असतं, कुठे जाणार ते आपल्याला ठाऊक असतं. दुसऱ्याच्या हातातली सुई, तिच्या टोकावर तो लोंबणारा थेंब, आणि वर "काही दुखत नाही हं" म्हणणारं ते गोड हसू. नुसतं आठवलं तरी गादीवाल्याच्या कानात शिट्टी वाजायला लागायची. हे गुपित जगात एकट्या त्याच्या बायकोला माहीत होतं, कारण लग्नाआधी दोघं रक्त तपासायला गेली तेव्हा हा गडी तिच्याच अंगावर कोसळला होता. तरीही तिने लग्न केलं, हा तिचा मोठेपणा. तो ती अजून सांगत असते.

तर झालं असं. चर्चच्या तरुण संघातली कॉलेजची पोरं सुट्टीत समुद्रापलीकडच्या एका देशात मिशनला निघाली होती. तिथल्या चर्चच्या मंडळीने अनाथ मुलांसाठी घर बांधलं होतं. भिंती झाल्या, छप्पर झालं, पैसा संपला. मुलं फरशीवर झोपत होती. आपण जाऊन त्यांच्या गाद्या करून देऊ, असं गणिताच्या बाईंनी ठरवलं. या बाई शाळेत गणित शिकवायच्या आणि चर्चमध्ये शिस्त. मुलींना सांभाळायला त्या होत्या. मुलग्यांबरोबर एक मोठा बाप्या हवाच, तो नसेल तर मुलगे घरी बसतील, असा मंडळीचा नियम. आणि गाद्याच करायच्या म्हटल्यावर तो बाप्या कोण, हे विचारायलाच नको.

चर्चचे पाळकसाहेब स्वतः दुकानात आले, कापसाच्या ढिगावर बसले आणि म्हणाले, "गादीवाले, प्रभूला तुमचा हात पाहिजे."

गादीवाल्याला आजवर कोणी एवढं काही मागितलं नव्हतं. शाळेत चौथीपुढे त्याला कोणी ठेवला नव्हता, चर्चमध्ये बाकांच्या गाद्या उसवल्या की तेवढ्यापुरती आठवण व्हायची. विमान म्हणजे वरून जाताना दिसतं ते, एवढीच त्याची ओळख. तो हो म्हणून बसला.

लसीचं नंतर कळलं. त्या देशात कसलासा ताप असतो, त्याची लस टोचून घेतल्याशिवाय विमानतळाबाहेर पाय टाकू देत नाहीत. तीही निघायच्या बरेच दिवस आधी टोचावी लागते.

सगळी पोरं एका शनिवारी रांगेने जाऊन टोचून आली. गादीवाल्याने निरोप धाडला की दुकानात फोम उतरवायचाय. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक अडून बसलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात काय अडलं ते त्याचं त्यालाच आठवत नाही.

"अहो, सरळ सांगून टाका की बाईंना," बायको म्हणाली.

"काय सांगू? पोरं हसतील. त्यांना मी दाभण धरायला शिकवतो."

"मग आता रडायचं सोडा आणि टोचून घ्या."

"उद्या बघू," तो म्हणाला. त्याचा उद्या फार ऐसपैस होता.

दर शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये तयारी चालायची. बाकं भिंतीला सरकवून पोरं जमिनीवर बसायची. खोळ कशी भरायची, कोपरे कसे ठासायचे, मधला टाका कसा आरपार ओढायचा, हे गादीवाला दाखवायचा. पहिल्या दिवशी एका पोराने भरलेली गादी बघून तो म्हणाला, "यात कोणी आधीच झोपलंय वाटतं." पोरं हसून लोळली, आणि तेव्हापासून ती त्याची झाली.

काम संपलं की प्रार्थना. गणिताच्या बाईंनी जोड्या लावून दिल्या होत्या. जोडीदाराला आपली एक अडचण सांगायची आणि त्याने ती देवापुढे मांडायची, मोठ्याने. गादीवाल्याच्या वाट्याला भोंगा आली होती. ही एक चणीने एवढीशी पोरगी, पण आवाज असा की तिने डोळे मिटून "हे प्रभू" म्हटलं की रस्त्यावरची माणसं थांबून टोप्या काढतील. म्हणून तिचं नाव भोंगा. तिला त्याचा अभिमानच होता.

"काका, तुमच्यासाठी काय मागू?" तिने विचारलं.

गादीवाल्याच्या जिभेवर खरं आलं होतं. पण समोर भोंगा. हॉलभर पोरं. उद्या सगळ्या गावात होईल. तो पायाकडे बघत म्हणाला, "गुडघा. जरा धरलाय."

झालं. भोंग्याने देवाला गादीवाल्याच्या गुडघ्याबद्दल जे काही सांगितलं, ते हॉलमध्येच नाही तर मागच्या स्वयंपाकघरात कप विसळणाऱ्या बायकांनीही ऐकलं. पुढच्या रविवारी लोक दारात विचारायला लागले, "काय म्हणतोय गुडघा?" एका म्हाताऱ्याने काठी देऊ केली. एकीने तेल आणून दिलं, त्याला असा वास की दुकानातलं मांजर दोन दिवस फिरकलं नाही. गादीवाल्याला आता लंगडायलाही लागायचं. तेही कधी डाव्या पायाने, कधी उजव्या.

"कुठला गुडघा आहे तो एकदा ठरवा," बायको म्हणाली. "मला लोकांना सांगताना पंचाईत होते."

भोंगा मात्र दर शनिवारी नेटाने मागत होती. "प्रभू, काकांचा गुडघा अजून बरा झाला नाही, हे तुला दिसतंय ना?" असं देवाला जाब विचारल्यासारखं. गादीवाला डोळे मिटून बसायचा आणि त्याला वाटायचं, वर कोणीतरी आपल्याकडे बघून मान हलवत असणार.

मग एका शनिवारी गणिताच्या बाईंनी त्याला बाजूला घेतलं. पोरं खोळी भरत होती.

"गादीवाले, राग मानू नका," बाई म्हणाल्या. "लसही राहिली तुमची, आणि पाय हा असा. तिथे दिवसभर जमिनीवर बसायचंय. आम्ही तुम्हाला इथेच ठेवायचा विचार करतोय."

"आणि पोरं?"

"दुसरा कोणी बाप्या मोकळा नाही. मग मुलगे राहतील. मी मुलींना घेऊन जाईन, जमतील तेवढ्या गाद्या करू."

गादीवाल्याने हॉलकडे बघितलं. पहिल्या दिवशी ती वेडीवाकडी गादी भरणारा पोरगा जीभ दाताखाली धरून कोपरा ठासत होता. आता त्याचे कोपरे चांगले यायला लागले होते. बापाशी भांडून, सुट्टीतलं काम सोडून तो येणार होता. आणि आता केवळ एका सुईपायी तो घरी बसणार.

काहीतरी बोलायला गादीवाल्याने तोंड उघडलं, तेवढ्यात पाळकसाहेब आत आले. बरोबर हाडांचे डॉक्टर. हे मंडळीतलेच, मोठ्या मनाचा माणूस, हात मात्र सुतारासारखे.

"ऐका सगळ्यांनी," पाळकसाहेब आनंदाने म्हणाले. "वाट निघाली. लसीला अजून चार दिवस हातात आहेत, आणि आपले डॉक्टर गादीवाल्यांच्या गुडघ्यावर इलाज करणार आहेत. एक पैसा न घेता."

"साधी गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाले. "गुडघ्याच्या वाटीखाली एक इंजेक्शन. सुई जरा लांब असते, पण तुम्ही दाभणवाले. तुम्हाला काय त्याचं?"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. भोंगा डोळे मिटून आभार मानायच्या तयारीला लागली होती.

गादीवाल्याच्या कानात शिट्टी सुरू झाली. तो मटकन खाली बसला, समोर अर्धी भरलेली गादी होती तिच्यावर. एका दंडावरच्या सुईपासून पळत पळत तो थेट गुडघ्यातल्या सुईपर्यंत येऊन पोचला होता, तीही लांब. आता पळायला जागा उरली नव्हती.

"गुडघ्याला काही नाही," तो म्हणाला.

"अहो, लाजू नका," डॉक्टर म्हणाले.

"लाजत नाही हो. गुडघा चांगला आहे. दोन्ही." आणि पुरावा म्हणून तो तिथल्या तिथे दोनदा उठला, दोनदा बसला. "मला इंजेक्शनची भीती वाटते. लसीच्या भीतीने खोटं बोललो. लहानपणापासून आहे. माझ्याच्याने होत नाही, काय करू?"

मागे स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. गादीवाला खाली मान घालून बसला होता. आता पहिला कोण हसतो याची वाट बघत.

भोंगा पुढे आली. "काका, म्हणजे इतके शनिवार मी देवाच्या मागे कशासाठी लागले होते?"

"माफ कर, पोरी."

"त्याने काय म्हटलं असेल हो?"

"काय म्हणणार?" पाळकसाहेब म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "तू मागितलंस, गुडघा ठीक कर. बघ की, दोन्ही ठीक आहेत."

मग हसू फुटलं. पण गादीवाल्याला ज्याची भीती होती ते हे हसू नव्हतं. त्यात त्याला सामावून घेतलेलं होतं. डॉक्टर तर भिंतीला टेकून डोळे पुसत होते.

हसू ओसरल्यावर भोंगा हळू आवाजात म्हणाली, आणि ती हळू बोलते हे त्या दिवशी सगळ्यांना पहिल्यांदा कळलं, "काका, मीपण तुम्हाला परीक्षेचं सांगत होते ना? ते खोटं होतं. मी एक रात्रसुद्धा आईला सोडून कुठे झोपलेली नाही. मला तिथे रडू येईल."

"मी झोपेत ओरडतो," मागून एक पोरगा म्हणाला. "सगळे उठतील."

"मला परक्या लोकांसमोर गाता येत नाही. मी नुसते ओठ हलवते," एक पोरगी म्हणाली.

एकेक करून निघायला लागलं, जुन्या गादीतून कापूस निघावा तसं. इतके दिवस सगळ्यांनी एकमेकांच्या परीक्षा, सर्दी आणि आजी देवापुढे नेल्या होत्या, आणि खरं ते प्रत्येकाने पोटात ठेवलं होतं. शेवटी सगळ्यांची नजर गणिताच्या बाईंकडे गेली.

"माझ्याकडे काय बघता?" बाई म्हणाल्या. मग चष्मा काढून पुसला. "मला विमानाची भीती वाटते. तुम्हाला धीर द्यायचा म्हणून बोलले नाही."

"बाई, माझा हात धरा," गादीवाला म्हणाला. "मला विमानाची अजिबात भीती नाही. अजून बसलो नाही ना."

दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून सोमवारी सकाळी वरात निघाली. गादीवाला, बायको, भोंगा आणि कोपरेवाला पोरगा. बायको म्हणाली, मी यांच्या शेजारी उभी राहणार नाही, एकदा राहून झालंय.

दवाखान्यात नर्सने त्याला तपासायच्या पलंगावर बसायला सांगितलं. तो बसला. शिट्टी सुरू झाली. नर्स पाठ फिरवून काहीतरी भरत होती. भोंग्याने त्याचा हात धरला आणि प्रार्थनेला तोंड उघडलं, तेवढ्यात तिचं लक्ष पलंगाकडे गेलं.

"काका, हे असंच शिवायचं असतं का?"

गादीवाल्याने खाली बघितलं. रेक्झीन कडेला फाटलेलं, वर चिकटपट्टी. चिकटपट्टी उचलली तर आत फोमचे तुकडे, कोंबलेले, आणि शिवण अशी की कुत्र्यानेही लाजावं.

"हे कोणी केलंय?" तो म्हणाला.

"वरच्या ऑफिसने माणूस पाठवला होता," नर्स म्हणाली. "बाही जरा वर घ्या."

"माणूस?" बाही वर घेत गादीवाला तापला. "हा माणूस होता? अहो, आजारी लोक झोपतात याच्यावर. कोपऱ्यात काही ठासलंच नाही. हे बघ रे पोरा, हात घाल आत. लागला काही? पोकळ आहे. टाके घेतलेत की नुसती गाठोडी बांधलीत? आणि दोरा कसला वापरलाय, याला पतंगसुद्धा..."

"झालं," नर्स म्हणाली.

"काय झालं?"

"लस. कापूस दाबून धरा."

गादीवाल्याने दंडाकडे बघितलं. बायकोकडे बघितलं. ती पडद्याआडून डोकावत होती, कोसळणाऱ्या माणसाला धरावं तसे दोन्ही हात पुढे करून.

"कधी टोचलं?"

"'गाठोडी' म्हणालात तेव्हा," भोंगा म्हणाली.

तो खो खो हसत सुटला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने तसंच राहू दिलं. एवढी वर्षं वाहिलेलं ओझं उतरायला एका शब्दाएवढाही वेळ लागला नव्हता. मग तो खाली उतरला, पोराला दुकानातून दाभण, दोरा आणि रेक्झीन आणायला पिटाळलं, आणि नर्स नको नको म्हणत असताना दवाखान्याच्या फरशीवर गुडघे टेकून त्याने तो पलंग उसवायला घेतला. दुपारपर्यंत पोराला शेजारी बसवून नीट शिवून दिला. कोपरे पोराने ठासले.

संध्याकाळी घरी जिना चढताना तो मध्येच थांबला. कठडा धरला.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही. गार फरशीवर फार वेळ टेकलो ना. गुडघा धरलाय."

"कुठला?"

"उजवा. खरोखरचा."

बायको दोन पायऱ्या वर जाऊन थांबली. "भोंग्याला निरोप पाठवू?"

"गप बस," गादीवाला म्हणाला आणि तिच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत, हसत वर गेला.