हज्जासाठी ससा

ताहिरने पट्टा हाताला दोन वेढे देऊन आवळला, तरी तो सरकतच होता. पहाटेच्या धुक्याने चामडं ओलं झालं होतं आणि हातात होते बायकोचे, जुबैदाचे, भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गझाला, त्याच्या मालकाची, महमूदची, सलुकी जातीची शिकारी कुत्री, नाक वाऱ्यावर धरून थरथरत उभी होती. बरगड्या दिसाव्यात इतकी सडपातळ, पण ओढ म्हशीची.

"मोजे काढ रे!" महमूद जीपमधून ओरडला. "कुत्री आहे ती, विजेची तार नाही."

"तुमच्यात चालतं, अरबाब. आमच्यात नाही."

हा वाद जुनाच होता. दोघेही पाच वेळचे नमाजी. पण महमूदच्या मजहबात, म्हणजे धर्माचाराच्या शाखेत, कुत्र्याची लाळ पाक, आणि ताहिरच्या कोकणी शाफई घरात ती लागली की हात सात वेळा धुवायचा, त्यातला एकदा मातीने. निघताना जुबैदानेच मोजे त्याच्या हातात कोंबले होते. "सात-सात वेळा हात धुवत बसलात तं थंडीनं मराल. हे घाला नि येताना थंयच टाकून या."

एरवी कुत्री धरायचं काम बलुची नजीबचं. तो सुट्टीवर गेलेला, महमूदचा खांदा निखळलेला, म्हणून मनामातल्या गॅरेजचा हेड मेकॅनिक आज सखीरच्या वाळवंटात उभा. ताहिरने आयुष्यात गाडीच्या ब्रेकशिवाय काही आवरलं नव्हतं. पण 'नाही' म्हणणं त्याच्याने झालं नसतं, कारण ससा हज्जाला हवा होता.

हज्जा म्हणजे महमूदची आई. हिवाळा लागल्यापासून तिने अन्न सोडलं होतं. पाणी, फार तर अर्धा खजूर. डॉक्टर म्हणाला, जे मागेल ते द्या. तिने ससा मागितला. नवरा हयात असताना हिवाळ्यात आणायचा तसला, कुत्रीने पकडलेला. बाजारातली कोंबडी तिने हाताने बाजूला सारली. गेले काही शुक्रवार महमूद रिकाम्या हाती परतला होता. तेलाच्या पाइपांनी आणि जीपगाड्यांनी ससे उरलेच कुठे होते?

आणि ताहिरसाठी ती नुसती मालकाची आई नव्हती. बहरीनला आल्याच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याला कावीळ झाली, तेव्हा त्या बाईने त्याला अरादच्या घरात ठेवून घेतलं होतं. मुलूख परका, भाषा परकी. ती 'वलदी, वलदी' म्हणत भाताची पेज भरवायची. वलदी म्हणजे माझ्या मुला. स्वतःच्या आईचं तोंड शेवटचं बघायला त्याला रजा मिळाली नाही, त्या वर्षी तो हज्जाच्याच मांडीवर रडला होता.

"नियम लक्षात आहे ना?" महमूदने विचारलं. "सोडताना अल्लाचं नाव घ्यायचं. आपण नाव घेऊन सोडली तर शिकार आपली. ती आपसूक धावली तर तिची. मेलेला ससा मग कुत्र्याचा, माणसाचा नाही. आई तसला तोंडाला लावायची नाही."

"माहीत आहे."

महमूद जीप वळवायला गेला. तेवढ्यात पाइपाखालून मातकट रंगाचं काहीतरी उसळलं.

गझालाने झेप घेतली. ताहिरने पट्टा खेचला, ओला पट्टा रबरावरून सुळकन निसटला, आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते अल्लाचं नाव नव्हतं, "अगे थांब!" एवढंच निघालं. तोवर कुत्री लांब गेली होती. मग धूळ, एक वळण, दुसरं वळण, आणि शांतता.

तो धापा टाकत पोचला. सुरी खिशात होती. ससा जिवंत सापडला असता तरी निभावलं असतं, नाव घेऊन हलाल करता आला असता. पण मान लोंबत होती. गझाला ससा त्याच्या पायाशी टाकून शेपटी हलवत बसली.

मागून महमूद खांदा सावरत, हसत आला. कित्येक दिवसांनी हसत होता.

"नाव घेऊन सोडलीस ना?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ताहिरची गत झाली. खरं बोलला तर ससा इथेच पडणार आणि हज्जा पुढचा शुक्रवार बघेलच याची खात्री नव्हती.

"हो, अरबाब."

"अल्हम्दुलिल्ला! यल्ला, घरी!"

परतीच्या वाटेवर महमूद बडबडत होता. ताहिर खिडकीबाहेर हमद टाउनची एकसारखी घरं बघत होता. अरादला पोचल्यावर त्याने अंगणातल्या नळाखाली हात धरले. मोजे होते, लाळ कुठे लागली नव्हती, तरी तो धूत राहिला, मातीनेही घासले. बोटं बधिर झाली.

महमूदच्या बायकोने, नसीमाने, ससा वाळलेलं लिंबू घालून शिजवला. वास घरभर पसरला. हज्जाला उशांना टेकवून बसवलं, तेव्हा तिने शिकाऱ्याला बोलावणं पाठवलं. त्या घरात शिकार आणणाऱ्याने तिच्याच ताटात जेवायचं.

ती केवढीशी झाली होती! तिने कापऱ्या बोटांनी घास उचलला, बराच वेळ चावला, गिळला. मग दुसरा. नसीमाने ओढणी डोळ्यांना लावली. महमूद उठून दाराबाहेर गेला.

ताहिरला आनंद झाला आणि त्याच क्षणी स्वतःची शरम वाटली. जन्मभर जिने हरामाचा कण खाल्ला नाही, तिच्या ताटात आपण हे काय वाढलं!

"बिस्मिल्ला म्हणूनच सोडली होती, हज्जा," तो घाईने म्हणाला. "चांगलं मोठ्याने."

कुणी विचारलंच नव्हतं.

हज्जाचा हात ताटावर थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं. काविळीत तो पेज नको म्हणून खोटंच 'पोट भरलं' सांगायचा, तेव्हा पाहायची तसंच.

"हज्जा, खरं म्हणजे तो पट्टा—"

"मी तुला काही विचारलं का?"

तिने मांसाचा एक तुकडा भातात कालवला, घास केला आणि त्याच्या तोंडासमोर धरला. हात खाली आला नाही.

"आधी नाव घे," ती म्हणाली. "आत्ता घे, वलदी. मोठ्याने. मला ऐकू येऊ दे."

ताहिरने नाव घेतलं. पहिल्यांदा आवाजच फुटेना, म्हणून पुन्हा घेतलं. हज्जाने घास त्याच्या तोंडात घातला, आणि मग तेच नाव पुटपुटत तिसरा घास स्वतः घेतला.