दोन साडू आणि प्रकाशाचा स्विच

प्रयोगशाळेतल्या त्या संशोधिकेने बनवलेला स्विच साखरेच्या दाण्यापेक्षाही लहान होता. तो म्हणजे एक अर्धवाहक लेसर. त्याला वीज दिली की काचेच्या तारेतून आलेला प्रकाश तो पुढे सोडायचा, वीज तोडली की गिळून टाकायचा. असे चार दाणे एका पट्टीवर बसवून ती डोळ्याचं पातं लवायच्या आत प्रकाशावर स्वार झालेलं कुणाचंही बोलणं हव्या त्या खोलीत वळवायची.

अडचण खोल्यांतल्या माणसांची होती. प्रयोगशाळेच्या एका टोकाला थोरले साहेब बसत, दुसऱ्या टोकाला धाकटे. दोघे सख्खे साडू. कुठल्याशा लग्नात फोटो काढताना धाकट्यांना पुढची खुर्ची मिळाली, तेव्हापासून त्यांच्यातून विस्तव जात नव्हता. एकाचा निरोप दुसऱ्याला द्यायचा, तर लांबलचक मार्गिका तुडवायची हिने.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी, प्रकल्पाला मंजुरी द्यायची की नाही ते ठरवायला आलेल्या पाहुण्यांसमोर संचालकांनी छाती फुगवून जाहीर केलं, "आता आमचे दोन्ही विभागप्रमुख या तारेवरून एकमेकांशी बोलतील!"

तिने त्यांना घाईघाईने बाजूला घेतलं. "सर, दुसरं कुणी बोललं तर?"

"छे! हुद्द्याला शोभायला नको का?"

तिने वीज सोडली. मीटरवर प्रकाश पोचलेला दिसत होता, पण ध्वनिवर्धकातून चकार शब्द येईना. पाहुणे चुळबुळ करू लागले.

"लाइन मेली वाटतं," संचालक कुजबुजले.

"लाइन ठणठणीत आहे, सर. बोलतच नाहीयेत."

ती धावत थोरल्यांच्या खोलीत गेली. समोरचा माइक चालूच होता.

"मॅडम, त्यांना सांगा, मी मोठा आहे. आधी त्यांनी बोलावं."

ती निरोप घेऊन वळणार, तोच खोलीतल्या ध्वनिवर्धकातून धाकट्यांचा आवाज आला, "मॅडम, त्यांना सांगा, नुसत्या वयाने मोठे!"

"आणि अकलेने, म्हणावं!"

"ती त्या लग्नात दिसलीच!"

मग काय, धबधबाच फुटला. मानपान निघाले, सासऱ्यांनी कुणाला काय दिलं ते निघालं, गेल्या वर्षी पळवलेलं कपाट निघालं. एकही निरोप हिला पोचवावा लागला नाही. घाम पुसत ती परतली, तेव्हा पाहुण्यांच्या समितीचे अध्यक्ष भान हरपून ऐकत होते.

"वा! एक शब्द गळला नाही. दात खाल्लेलेसुद्धा ऐकू आले!"

"सजीव संवाद, साहेब," संचालकांनी हात चोळले.

पट्टीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जाताना अध्यक्षांनी तिला विचारलं, "यात बटण कुठलं?" उत्तराला थांबायला मात्र त्यांना वेळ नव्हता.

प्रकल्प मंजूर झाला, तोही दोघा साडूंच्या संयुक्त नेतृत्वाखाली. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले की तार जोडून घेत आणि भांडायला बसत. आपलं नाव कागदोपत्री कुठेच नाही, याचं तिला वाईट वाटलं. पण मार्गिका तुडवायला आता कुणी बोलावत नव्हतं. तिने दार लोटून घेतलं आणि कितीतरी महिन्यांनी सलग बसून स्वतःचं काम केलं.