न थिजलेला गारा

आमच्या सुपरवायझरला सगळे ‘लगेच’ म्हणतात, कारण त्याला सगळंच लगेच हवं असतं. पी हळद आणि हो गोरी. तळघराच्या भिंतीसाठी खोल चर खणताना तो ढासळू नये म्हणून त्यात मातीचा पातळ गारा भरतात. ही माती रात्रभर पाण्यात फुगावी लागते. मग गारा ढवळला की वाहतो आणि स्थिर राहिला की दह्यासारखा थिजतो. त्या थिजण्याच्या जिवावर चर उभा असतो.

लगेचने रात्रभराचं काम तासाभरात उरकलं. पाण्यात आधी दाटपणा आणणारी पॉलिमरची भुकटी, वर माती. तपासणीच्या नरसाळ्यातून गारा हवा तितका सावकाश गळला. “बघ, पास,” तो म्हणाला. गारा तपासणं माझं काम, पण माझं ऐकतो कोण?

मला चैन पडेना. ग्लासभर गारा टेबलावर ठेवून मी जेवून आले. ग्लास तिरका केला, तर गारा मधासारखा ओघळला. पॉलिमर आधीच मातीच्या कणांना चिकटलं होतं, म्हणून माती फुगलीच नव्हती. नुसता दाटपणा, आधार काहीच नाही.

तोच गारा भरलेल्या चराच्या काठावर क्रेन होती आणि ती चालवत होता माझा सख्खा भाऊ. क्रेनला टांगलेला सळ्यांचा पिंजरा अर्धा चरात होता, चौघे जण दोऱ्यांनी तो सरळ धरत होते. गारा काठापासून हातभर खाली गेला होता. मी केबिनकडे धावले.

“दादा, उतर. गारा थिजलेला नाही, काठ जाईल.”

“आज कोणाशी भांडून आलीस?”

“चेष्टा नको. खाली बघ.”

त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “या ब्रेकवर माझा भरवसा नाही गं. मी लिव्हर सोडला आणि पिंजरा सुटला तर हे चौघे त्याच्यासोबत जातील. आधी त्यांना लांब ने. मग उतरतो.”

“नक्की?”

“अगं, जा.”

मी त्यांना दोऱ्या सोडायला लावल्या. एक जण ऐकेना, त्याला दंडाला धरून ओढलं. सगळे लांब आल्यावर मी हात वर केला. दादाने दार उघडून एक पाय पायरीवर ठेवला. तेवढ्यात काठ खचला. फारसा आवाजही झाला नाही. क्रेन झुकली आणि केबिन तोंडावर गाऱ्यात गेली.

“तपासणीत तर बरोबर होता,” मागून लगेचचा आवाज आला.

मी वळले नाही. गाऱ्यावर बुडबुडे येत होते, ते कुठून येतायत ते मी पाहत होते. मग तेही थांबले.