पिळलेल्या बोटाचा थेंब

मी घुमायचे तेव्हाच लोक माझ्याकडे बघायचे, मित्रांनो. रक्त फिरवणारं जुनं यंत्र मी, पण इथे मला सगळे भिंगरी म्हणतात. बोटाला टोचून काढलेलं रक्त बारीक काचनळीत भरायचे आणि मी ती नळी गरगर फिरवायचे. तांबड्या पेशी खाली बसायच्या, पिवळसर पाणी वर राहायचं. डेंगीत तांबडा भाग वाढला, की रक्तातलं पाणी झिरपून चाललंय, जिवाला धोका आहे, असं समजायचं.

कारखान्यातून निघाले ती शेवटी होडीत बसून लाओसमधल्या या नदीकाठच्या दवाखान्यात आले. सुरुवातीला माझं कोण कौतुक! नर्स सोमचित रोज झाकण पुसायची. पण माझ्याशी कधी कुणी बोललं नाही. तांबडा भाग किती, तो आकडा आजाऱ्याबरोबर निघून जायचा आणि मी कोपऱ्यात एकटी उरायचे. ते एकटेपण माझ्या कधीच अंगवळणी पडलं नाही.

एका पावसाळ्यात पेंग आज्जी आपल्या नातीला, छोट्या तुईला, घेऊन आली. ताप नुकताच उतरला होता. आजारपणात माणसाचे आत्मे अंगातून भटकत जातात, ते परत यावेत म्हणून घरच्यांनी तिच्या मनगटांना पांढरे दोरे बांधले होते.

"ताप गेला की. आता कशाला टोचतेस?" आज्जी म्हणाली.

"डेंगीत ताप उतरतानाच खरा धोका असतो. एकदाच टोचते, आज्जी. आकडा चांगला आला तर घरी न्या."

"एकदाच हं. मोठ्या मिनतवारीनं परत आणलेत आत्मे. तू भोक पाडून सोडून देशील."

सोमचितनं टोचलं. हात गार होता, रक्त येईना. शब्द तर देऊन बसलेली. मग तिनं बोट पिळलं. बोट पिळलं की मांसातलं पाणी रक्तात मिसळतं आणि तांबडा भाग उगाच कमी दिसतो. मला ते कळत होतं, पण सांगणार कशी?

"छान आहे आकडा," सोमचित म्हणाली. आज्जीनं झोळी उचलली.

तुईच्या पायात चपला घालताना मात्र सोमचित थबकली. "आज्जी, पाय गारठलेत हिचे. मघाशी मी बोट पिळलं. तो आकडा खरा नाही. पुन्हा टोचावं लागेल."

"आत्ता एकदाच म्हणालीस ना? तुझ्या शब्दाला काही किंमत?"

"नसू दे माझ्या शब्दाला. पोरीच्या जिवाला आहे."

आज्जीनं झोळी खाली ठेवली. मग तिनं डब्यातला गरम चिकट भात केळीच्या पानात बांधून तुईच्या तळहातावर ठेवला. "शेकू दे आधी," ती म्हणाली. तिनं दोऱ्यांवर अलगद हात ठेवला. "टोच आता. आत्मे मी धरून ठेवते."

या वेळी थेंब आपणहून आला. मी फिरले आणि तांबडा भाग खूप वर चढलेला दिसला. सोमचितनं लगेच सलाईन लावलं आणि तुईला होडीनं मोठ्या इस्पितळात नेलं. त्या आठवड्यात माझा जीव टांगणीला लागला होता. मला कोण सांगणार?

आता नवं यंत्र आलंय आणि मी फळीवर धूळ खात पडले आहे. मित्रांनो, तुमच्या बोटाला टोचायची वेळ आली तर हात आधी शेकून घ्या. बोट पिळू देऊ नका आणि दुसऱ्यांदा टोचायला लागलं तर रुसू नका.

परवा तुई आली होती, खोकल्याचं औषध न्यायला. चांगली उंच झाली आहे. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? पण ती स्वतःच्या पायांनी दारातून आली आणि स्वतःच्या पायांनी परत गेली.