चटईखालचा पाहुणा

कोतोकु मारू बंदरात शिरली ती नऊ झेंडे फडकवत. शिराइसोच्या किनाऱ्यावर होडी गळ्यापर्यंत भरली तरच असे रंगीत झेंडे चढवतात, आणि तांडेल तोमेकिचीने ते तीन वर्षांत पेटीबाहेर काढले नव्हते. घड्यांवर बुरशीचे ठिपके पडले होते, पण लांबून ठिपके बघतो कोण? पोटात कुपा मासा इतका ठासला होता की होडी जेवून उठलेल्या म्हातारीसारखी डुलत चालली होती.

धक्क्यावर माणसं होती. चांगली पन्नासेक होती. हात मात्र एकाचाही हलत नव्हता.

"जळले," तोमेकिची म्हणाला. "बघ गोन्झो, एकाच्या तोंडातून शब्द फुटत नाही."

गोन्झो हा त्याचा सगळ्यात जुना खलाशी, आणि गावातलं सगळ्यात न थांबणारं तोंड. "जळू देत तांडेल. तीन वर्षं आपण दुसऱ्यांचे झेंडे बघून जळलो. आता जरा त्यांनाही पित्त होऊ दे."

तोमेकिची हसला, पण त्याची नजर गर्दीत एकच डोकं शोधत होती. त्याचा मुलगा मोरिओ. वसंतात बापलेकांचं वाजलं होतं आणि मोरिओ दाइशिन मारूवर गेला होता. दाइशिन मारू म्हणजे नवी कोरी होडी, मोठं इंजिन, बिनतारी यंत्र. "बाबा, तुमचा देव आणि तुमचं इंजिन, दोन्ही थकलीत," असं तो सगळ्या खलाशांदेखत बोलला होता. वर जाताना हेइहाचीलाही घेऊन गेला. हेइहाचीने सव्वीस वर्षं कोतोकु मारूवर भात रांधला होता. तोमेकिचीने दोघांनाही अडवलं नाही. रिकाम्या होडीवर कोणाला कोणत्या तोंडाने थांब म्हणायचं? पण त्याने मनाशी एक पक्कं केलं होतं. ज्या दिवशी होडी भरेल, त्या दिवशी झेंडे लावून यायचं आणि धक्क्यावरच सगळ्यांसमोर मुलाला म्हणायचं, चल, आता परत ये. ते वाक्य तो दोन दिवस मनात घोळवत होता.

आणि ज्याने ही होडी भरून दिली तो होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेपाशी, चटईखाली पडला होता.

परवा दुपारी तो सापडला. समुद्र तेलासारखा स्वस्थ होता, ऊन डोळ्यांत जात होतं, आणि सकाळपासून गळाला एक शेपूटही लागलं नव्हतं. डावीकडून बांबूंचा एक जुडगा तरंगत आला, त्याला बांधलेला माणूस पालथा. आमच्याकडे समुद्रात भेटलेल्या मेलेल्याला प्रेत म्हणत नाहीत, एबिसू म्हणतात. माशांच्या देवाचंच नाव. त्याला टाकून पुढे गेलात तर होडीचं वाटोळं, आणि मानाने घरी नेलंत तर तो पाटी भरून देतो. मात्र त्याला डाव्या अंगाने वर घ्यायचं, किनारा येईपर्यंत त्याचं तोंड बघायचं नाही आणि वर घेण्याआधी त्याच्याकडून वचन घ्यायचं. मेलेला काही बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने एक खलाशी बोलतो.

तोमेकिची कठड्यावर ओणवला. "मासा देशील का? देणार असशील तर वर घेतो."

"देईन," गोन्झो आवाज खोल करून म्हणाला. "पोटभर देईन. मला घरी न्या."

"मोठा दे. माझ्या पोराला दाखवायचाय."

ही पुस्ती त्याची स्वतःची होती. रीतीत ती नव्हती.

मान दुसरीकडे वळवून त्याने सुरीने दोर कापला. दोर चांगला घट्ट होता, तीन ठिकाणी बांधलेला. गोन्झो बांबूंकडे बघत म्हणाला, "तांडेल, या तर गळाच्या काठ्या दिसतात. मुठीवर कुठल्यातरी होडीच्या खुणेचा डागपण आहे."

"हात लावू नकोस. दुसऱ्याच्या काठीबरोबर दुसऱ्याचं नशीब येतं. सोड."

"अंग अजून फुगलेलं नाही. ताजा आहे."

"गोन्झो, तू आत्ता एबिसू आहेस. एबिसू इतकं बोलत नाही."

सगळे हसले. मनगटावरून चटई ओढताना तोमेकिचीला एवढंच जाणवलं की हात खरंच मऊ आहे. तेवढ्यात दक्षिणेला पक्ष्यांचा थवा पाण्यावर तुटून पडला. थव्याखाली कुपाच कुपा. मग चेहरे, डाग, दोर, सगळं विसरायला झालं. खलाशी रांगेने बसले, आमिषाची तारली फेकली, आणि काठ्या नुसत्या वरखाली होऊ लागल्या. त्या संध्याकाळपर्यंत ते तिथल्या तिथेच घिरट्या घालत मासा काढत राहिले. अंधार पडल्यावर माशांमागे दक्षिणेला सरकले, आणि काल दिवसभर पुन्हा तेच. तोमेकिची अधूनमधून चटईपाशी जाऊन हात जोडत होता, साकेचे चार थेंब शिंपडत होता.

होडी धक्क्याला लागली. दोर झेलायला सहकारी संघाचा म्हातारा कारकून पुढे आला. त्याने दोर बांधला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तोमेकिची, आधी ते झेंडे उतरव."

"का? मासा बघ की आधी."

"दाइशिन मारू गेली. परवा पहाटे. युद्धातला, पाण्यावर तरंगणारा सुटा सुरुंग लागला. बिनतारीवर बोलायलाही वेळ मिळाला नाही. गावातल्या बाकीच्या होड्या शोधायला गेल्यात."

युद्ध संपून नऊ वर्षं झाली होती. तोमेकिचीला वाटलं, हा म्हातारा काहीतरी जुनंच बरळतोय. मग गर्दीत त्याला त्याची बायको इने दिसली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. ती नाळेकडे, चटईकडे बघत होती. डोक्यावर झेंड्यांचं फडफडणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"कोण आहे ते?" इनेने विचारलं.

"एबिसू. परवा भेटला." परवा हा शब्द तोंडातून गेला आणि तोमेकिचीने कठडा धरला.

इने फळीवरून आत आली, कोणाला न विचारता. बाई भरल्या होडीवर चढत नाही, पण तिला कोणी थांबवलं नाही. तिने चटईचं टोक धरून बाजूला केलं.

हेइहाची होता.

सव्वीस वर्षं रोज सकाळी ज्याने तोमेकिचीच्या हातात भाताची वाटी दिली, तो हेइहाची. कपाळाला मोठी जखम, डोळे मिटलेले. कमरेला मोरिओचा लाल कमरपट्टा गच्च गुंडाळला होता. तो इनेनेच विणला होता. तोमेकिची खाली बसला. मासा चढवताना तो याच माणसाला दहा वेळा ओलांडून गेला होता. एकदा तर ओल्या काठ्याही त्याच्या पायांवर टेकवल्या होत्या.

"तुम्ही याचं तोंड बघितलं नाहीत?" इने म्हणाली.

"बघायचं नसतं."

"पट्टाही नाही दिसला?"

गोन्झो गप्प होता. त्याला असा गप्प बसलेला गावाने पहिल्यांदाच पाहिला.

तेवढ्यात गर्दी फाकली आणि संघाच्या खोलीतून रोकुरोला दोघांनी धरून आणलं. दाइशिन मारूवरचा हा विशीतला खलाशी एकटाच काल दुपारी दुसऱ्या होडीला जिवंत सापडला होता. उन्हाने तोंड सोललेलं, अंगावर गोधडी. त्याला उभं राहवत नव्हतं, पण कोतोकु मारू आली हे कळल्यावर तो ऐकेनाच.

"तोमेकिचीकाका," तो म्हणाला, "तुम्ही का आला नाहीत?"

"कुठे?"

"आम्ही पाचजण होतो. फळीला धरून. तुमची होडी दिसली तेव्हा मोरिओ म्हणाला, हे बाबाच, ते इंजिन मी झोपेतही ओळखीन. आम्ही ओरडलो, पण इंजिनाच्या आवाजात तुम्हाला काय ऐकू येणार. पाण्याची ओढ मात्र तुमच्याकडेच होती. हेइहाचीकाका सकाळीच गेले होते, मोरिओनं त्यांना सोडलं नव्हतं. मग त्यानं त्यांना आमच्या होडीच्या तरंगत्या काठ्यांना बांधलं, आपला पट्टा त्यांच्या कमरेला बांधला आणि म्हणाला, काका, जरा बाबांना सांगून या."

धक्क्यावर कोणीतरी तोंडावर बाही दाबून धरली.

"तुम्ही त्यांना वर घेतलेलं आम्ही बघितलं," रोकुरो सांगत राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "मोरिओ हसला. म्हणाला, झालं, आता येतात. बाबा एबिसूला टाकून जाणार नाहीत हे मला ठाऊक होतं. मग तुमच्या काठ्या चालू झाल्या. मासा उन्हात चमकताना दिसत होता. मी रडायला लागलो तर मोरिओनं मलाच समजावलं."

"काय म्हणाला?" तोमेकिचीने विचारलं. विचारू नये हे त्याला कळत होतं.

"म्हणाला, तीन वर्षांनी मासा लागलाय त्यांना, हातचा कसा सोडतील? भरू दे. भरली की येतील." रोकुरोने तोंड पुसलं. "संध्याकाळपर्यंत तो तेच म्हणत होता. अंधार पडल्यावर तुमचा दिवा दक्षिणेला गेला. तरी म्हणाला, वळतील. काल पहाटे त्याचा हात सुटला."

तोमेकिचीला रडू आलं नाही. त्याला नुसती लाज वाटली, इतकी की अंगावरचे कपडेही नकोसे झाले. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. त्याला तर दैवाने मुलाचा निरोप हातात आणून दिला होता, आणि त्याने त्यावर चटई टाकून मासे मारले होते. रीत त्याने शब्दन् शब्द पाळली होती. एवढी नीट की त्याला दोष देणाराही गावात कोणी निघाला नसता, आणि बोलायला एक इने सोडली तर कोणी धजलंही नाही.

"काय मागितलंत त्याच्याकडे?" तिने विचारलं.

"मासा," तो म्हणाला. "मोरिओला दाखवायला."

हेइहाचीला रीतीप्रमाणे उजव्या अंगाने उतरवलं. तोमेकिची मग उठला आणि झेंडे उतरवायला लागला. गाठी सुटेनात, तेव्हा त्याने दोऱ्या सुरीने कापल्या. नंतर पोटातल्या फळ्या स्वतः उचलल्या.

"काढा," तो म्हणाला. "सगळा पाण्यात टाका. जड होडी पळत नाही."

"तांडेल," कारकून दबकत म्हणाला, "तासाभरात उतरवून होईल. गाडी उभीच आहे."

"तास नाही माझ्याकडे."

दोन दिवसांचा कुपा खलाशांनी बंदरातल्या बंदरात समुद्राला परत दिला. पाणी पांढरं झालं, वर घारी आणि समुद्रपक्षी तुटून पडले, आणि एकही माणूस हळहळला नाही. गोन्झो शेवटपर्यंत खाली वाकून टाकत होता. एकदाच तो थांबला आणि पुटपुटला, "देईन असं मीच म्हणालो होतो." तोमेकिचीने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला बाजूला करून पुढचे मासे स्वतः उचलले.

रोकुरोने जागा सांगितली. खरं तर सांगायची गरज नव्हती. त्या पाण्यावर तोमेकिचीने एक अख्खी दुपार घिरट्या घातल्या होत्या.

हलकी झालेली होडी बंदराबाहेर पडली तेव्हा ऊन अजून पुष्कळ होतं. गोन्झोने सवयीप्रमाणे चटई झटकून नाळेपाशी अंथरायला घेतली. कोणी सापडलं तर लागेल म्हणून. तोमेकिचीने ती त्याच्या हातून घेतली आणि पाण्यात सोडून दिली.

"यापुढे या होडीवर कोणाचंही तोंड झाकायचं नाही," तो म्हणाला, आणि डोळ्यांवर हात धरून समोरच्या रिकाम्या पाण्यात बघत उभा राहिला.