एका माणसापुरती गाडी

पलंग एकच होता.

मी मिनीबसच्या दारात उभी. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात वसईहून आणलेल्या सुकेळ्यांची, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांची पिशवी. आत बघते तर काय, पलंग एक, खुंटी एक, स्टूल एक, ताट एक. आणि एक कप, त्यावर लाल रंगाने नाव घातलेलं, ज्युलियस. पलंगाभोवती पडदा. मसाल्याच्या डब्याला चक्क कुलूप!

"हे कुणासाठी?" मी विचारलं. "उंट येऊन तिखट चोरतात काय इथं?"

ज्युलियसने कुलपाकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग माझ्याकडे. माणूस खरोखरच गोंधळला होता. "सवयीने झालं गं," म्हणाला.

"आणि मी कुठं झोपायचं? टपावर?"

ज्युलियस माझा नवरा. आमच्या मेरिलला दात यायच्या आत हा मस्कतला आला, तो अझैबाच्या एका वर्कशॉपात सुतार म्हणून चिकटला तो चिकटलाच. फॅमिली व्हिसाला आधी पगार कमी पडला, मग मेरिलची शाळा आड आली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, म्हणून तर भांडायचीही सोय नव्हती. दोन वर्षांतून एकदा सुट्टी, आणि मधल्या काळात संसार फोनवर. इथं बॅचलर खोलीत सगळी माणसं राहतात तसा हा राहिला, बंकला पडदा लावून, कपावर नाव घालून, डब्याला कुलूप लावून. आणि आता बायकोला फिरवायला गाडी बनवली, तर तीही तशीच बनवली. मेल्याला बायको आठवलीच नाही!

गाडीचं खूळ मेरिलमुळे आलं. ती आणि जावई कॅरव्हॅन घेऊन ऑस्ट्रेलियाच्या उजाड मुलखात महिनाभर रमतगमत फिरले, त्याचे फोटो तिने पाठवले. तांबडी माती, नाकासमोर रस्ता, माणूस म्हणून दिसायचा नाही. ज्युलियस फोनवर म्हणाला, "असलं तर इथंही आहे. तू ये, तुला नेतो."

"बघू," म्हटलं मी. पण फोन ठेवला आणि वाडीत मोगऱ्याला पाणी घालताना एकटीच हसत बसले. इतकी वर्षं हा 'येतो, येतो' म्हणायचा. 'तू ये' पहिल्यांदाच म्हणाला होता.

अर्बाबने, म्हणजे याच्या मालकाने, वर्कशॉपमागे पडलेली जुनी मिनीबस दिली होती. बनव, फिर आणि परत दे, माझ्या पोरांना कॅम्पला होईल म्हणाला. पण तो काय कमी? ज्युलियसचा करार संपत आलेला. अर्बाबने सांगून ठेवलं, आणखी दोन वर्षं थांब, तुमची फेरी सूर गावाला संपेल तोवर विचार कर, मी फोन करतो.

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

"बघू म्हटलं."

आमच्या घरात 'बघू' फार.

म्हणजे सूर येईल तेव्हा मला कळणार होतं, माझा नवरा घरी येतो की नाही. आणि मी ठरवलं होतं, तोंडातून 'चल' म्हणून काढायचं नाही. तरुणपणी म्हणून झालं, रडून झालं. आता त्याने आपण होऊन म्हणावं.

निघालो. मस्कतचे डोंगर मागे पडेपर्यंत ज्युलियस एक शब्द बोलला नाही. गाडी चालवायचा मात्र अगदी जपून, जशी काही मागे काचेची कपाटं भरलीत. मी सुकेळी दिली, त्याने खाल्ली. "गोड आहे," म्हणाला. झालं! मी म्हटलं, वा रे बाबा, एवढं बोललास, दमला असशील.

आणि हाच माणूस फोनवर तासन् तास बोलायचा हो! खोलीत बाकीचे झोपलेले, म्हणून गच्चीवर जायचा आणि तिथून जगभरच्या गप्पा मारायचा. कोण काय जेवलं, कुणाच्या घरी काय झालं, समुद्राचा वारा कुठून येतोय. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत ऐकायची. तो ज्युलियस कुठं गेला, हेच मला कळेना.

पहिला मुक्काम इब्राच्या अलीकडे. रस्ता सोडून बाभळीसारखी झाडं होती, तिथं गाडी लावली. चहा झाला. कप एकच, तेव्हा आधी तो प्यायला, मग कप विसळून मी. मग तो स्टुलावर आणि मी पलंगावर, दवाखान्यात नंबर लावल्यासारखी बसून राहिलो. शेवटी मीच वैतागले.

"ज्युलियस, तू बाहेर जा."

"का?"

"बाहेर जा आणि मला फोन कर."

त्याला वाटलं मी चेष्टा करते. पण गेला. झाडापाशी उभा राहिला आणि माझा फोन वाजला.

"हॅलो, जेवलीस का?" म्हणाला.

देवा शपथ सांगते, तोच आवाज. खिडकीतून मला तो दिसत होता, एक हात कमरेवर, मान वर करून आभाळाकडे बघत. तो बोलत सुटला. गाडीचा पत्रा कुठून आणला, पडद्याचं कापड कुणी शिवून दिलं, अर्बाबचा धाकटा कसा आळशी आहे. मी "हं, हं" करत होते आणि पदराने डोळे पुसत होते. नवरा वीस पावलांवर आणि मला त्याची आठवण येत होती. अशी आठवण कुणाला आलीय का कधी?

झोपायला तो चटई घेऊन बाहेर गेला. मी म्हटलं नाही 'थांब'. त्या पलंगावर आम्ही दोघं मावलो असतो तर शप्पथ.

दुसऱ्या दिवशी इब्राच्या बाजारात तो सामान आणायला उतरला. मी मनाशी म्हटलं, आता हा कप आणतो की नाही बघू. सांगणार मात्र नाही. तो आला टोमॅटो, कांदे, रोट्या आणि एक कलिंगड घेऊन. कप नाही. कलिंगड एवढं मोठं की चार जणांना पुरावं, पण कप नाही! मी त्या दिवशी दुपारपर्यंत अबोला धरला. ज्युलियसला पत्ताही लागला नाही, कारण तोही बोलत नव्हताच.

बिदियाच्या पुढे रेतीचे डोंगर सुरू झाले. पिवळे, तांबूस, मऊ. मी गाडी थांबवायला लावली आणि चपला काढून चालले. आमच्या घराजवळच्या भुईगावच्या किनाऱ्यावरही रेती आहे, पण तिथं पुढे पाणी असतं. इथं रेतीपुढे रेतीच. मला एकदम वाटलं, तरुण असताना हे दोघांनी बघायला हवं होतं. आता गुडघे बोलतात.

तिथंच हमूद नावाच्या एका बदू, वाळवंटात राहणाऱ्या म्हाताऱ्याने आम्हांला बोलावून तंबूत बसवलं. खजूर आणि काहवा, म्हणजे त्यांची कॉफी. मी सुकेळी पुढे केली, त्याने एक तोंडात टाकली, डोळे मिटले आणि आणखी दोन उचलल्या. मग माझ्याकडे हात करून ज्युलियसला काहीतरी विचारलं. ज्युलियसने उत्तर दिलं. म्हातारा एवढा तापला की काहवा सांडला.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

ज्युलियस खाली बघत म्हणाला, "म्हणतो, इतकी वर्षं आमच्या देशात आहेस, आणि बायकोला आज आणलंस? आम्ही उंटसुद्धा एकटा ठेवत नाही."

"त्याला सांग, मला तुमचा पत्ता आधी मिळायला हवा होता," मी म्हटलं. ज्युलियस हसला. मस्कत सोडल्यापासून पहिल्यांदा हसला.

पुढे नेटवर्क गेलं. आता फोनची सोय नाही. किनाऱ्याकडे जाणारा रस्ता, दोन्हीकडे खडी आणि सपाटी, मधेच चार उंट, बस. गाडीचा आवाज तेवढा. बऱ्याच वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता, ज्युलियस म्हणाला, "एक विचारू? आपल्या घरात माझा टॉवेल कुठं असतो?"

"कुठं म्हणजे? असतो खुंटीला."

"खुंटीला तुझा असतो. माझा खुर्चीवर असतो. पाहुण्यासारखा."

मी उसळलेच. "दोन वर्षांनी एकदा उगवतोस, तर तुझ्यासाठी खुंटी अडवून ठेवू?"

"तसं नाही गं. मी रागाने नाही म्हणत. सुट्टीवर आलो की बघतो, तुझं सगळं बसलंय. वाडी, चर्च, तुझ्या बायकांचं मंडळ. मी कुठं उभा राहिलो तरी कुणाच्या तरी वाटेत येतो. इथं निदान एक बंक माझा आहे. म्हणून अर्बाबला नाही म्हणवेना."

"मूर्ख आहेस," मी म्हटलं. "इथं गाडीत एक कप मांडणारा तू, आणि जागा नाही म्हणून मलाच बोल लावतोस? माझ्या घरात तुझ्यासाठी रोज जागा होती. रोज!"

मला वाटत होतं, मी जिंकले.

सूरला पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. खाडीच्या काठाला गाडी लावली. समोर लाकडी गलबत बांधायला घेतलेलं, उघड्या फासळ्यांचं. सुताराचा हात शिवशिवला, दुसरं काय. सकाळी मी उठले तेव्हा बाहेरची चटई गुंडाळून ठेवलेली होती आणि ज्युलियस तिकडे त्या कारागिरांत उभा राहून लाकूड थोपटत होता.

मी स्टोव्ह पेटवला. पाणी, साखर, आल्याचा तुकडा, पावडर, दूध. चहा कपात ओतला, खिडकीशी बसले, पाय वर घेतले. रोज गिरीजला घरी ओट्यावर बसते तशी. मोठा सुखाचा पहिला घोट घेतला.

दारात ज्युलियस उभा होता.

त्याने माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं. मग पातेल्याकडे. पातेलं रिकामं होतं. तळाला नुसता आल्याचा चोथा.

मी एकाच माणसाचा चहा केला होता.

सगळ्या रस्त्याने ज्या कपावरून त्याला मनातल्या मनात फाडून खाल्लं, तोच कप माझ्या हातात, त्याच्या नावाचा, आणि आत चहा फक्त माझा. कुणी शिकवलं नव्हतं मला. वर्षानुवर्षं सकाळी उठून एका माणसापुरतं पाणी ठेवत आलेले, हात आपोआप तेवढंच घेतो.

"सवयीने झालं," मी म्हटलं.

ज्युलियस हसला नाही. "मला माहीत आहे," म्हणाला, इतक्या हळू की माझे डोळे भरून आले. तो पलंगावर माझ्याशेजारी टेकला. मी कप त्याच्या पुढे केला. तो एक घोट प्यायला, मी एक. बाहेर गलबतावर ठोकाठोकी चालू होती.

"मला तू हवा आहेस," मी म्हणाले. म्हणणार नव्हते, पण म्हणाले. "तुझ्यावाचून मला येतं सगळं. वाडी बघता येते, लाइटचं बिल भरता येतं, सासूबाईंचं सगळं एकटीने केलं. पण येतं म्हणून नको आहे असं नाही रे."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अर्बाब.

ज्युलियस सवयीने उठला आणि दाराकडे निघाला, बाहेर जाऊन बोलायला. मी त्याचा शर्ट मागून धरला.

"इथं बोल. माझ्यासमोर."

तो खाली बसला. फोन कानाला लावला. अरबीत काहीतरी बोलत राहिला, मान हलवत, मधेच थांबत. मला त्या भाषेतलं काय कळतंय? पण इथं आल्यापासून दुकानात, पंपावर, जिथं तिथं ऐकून एक शब्द माझ्याही कानात बसला होता. काम संपलं की हे लोक तोच म्हणतात.

"खलास, अर्बाब," ज्युलियस म्हणाला. "खलास."

फोन ठेवला. सुतार माणूस, सरळ रेघ मारणारा, पण त्याला फोन खिशात घालता येईना. मी त्याच्या हातातून घेतला आणि पलंगावर ठेवला.

"आता?" त्याने विचारलं.

"आता चहा," मी म्हटलं. "एका घोटाने काय होतंय?"

पातेलं धुतलं. स्टोव्ह पुन्हा पेटवला. मग तो कप घेतला, पाण्याने भरला आणि पातेल्यात ओतला. हात तिथंच थांबला, नेहमीसारखा. मी कप परत भरला.